दुसरा साक्षीदार

मी सत्तावीस वर्षं मृत्युपत्रांच्या कोर्टात खिडकीमागं बसले. ओहायो नदीच्या काठचं आमचं कोर्ट लहान, खिडक्या तीनच, मधली माझी. घरातलं माणूस गेलं की मुलं, सुना, पुतणे कागद घेऊन यायचे. कोणी डोळे पुसत, कोणी आधीच एकमेकांकडे पाठ फिरवून. इर्मा हुडाक पहिल्यांदा आली तेव्हा तिच्या घरातलं कोणी गेलेलं नव्हतं. जायला ती एकटीच उरली होती.

मार्च महिना होता, बाहेर अर्धवट वितळलेल्या बर्फाचा रेंदा. तिनं दाराशी पायपुसण्यावर बूट इतका वेळ घासले की पहारेकऱ्यानं मान वळवून पाहिलं. पंचाहत्तरीची बाई, उंच, जराशी पोक आलेली. कोट जुना, पण बटणं सगळी जागच्या जागी.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "मी मेले तर कोणाला कळवायचं, हे तुमच्याकडे लिहून ठेवता येतं का?"

"तसं वेगळं काही नाही इथं," मी म्हटलं. "मृत्युपत्र ठेवता येतं. बंद पाकिटात दिलं की आम्ही तिजोरीत ठेवतो. कळवाकळवीचं घरचे लोक बघतात. घरी कोण असतं तुमच्या?"

"मी असते."

"मुलंबाळं? भाऊ, बहीण?"

"नाही. चुलत, मावस, कोणीच नाही. आई एकुलती एक, बाप एकुलता एक, मी एकुलती एक. आमच्या घराण्याला गर्दीचा तिटकाराच होता." हे ती इतक्या कोरड्या चेहऱ्यानं म्हणाली की हसावं की नाही ते मला कळेना. मग तीच म्हणाली, "म्हणजे मी मेले तर पहिल्यांदा शेजारच्या कुत्र्यालाच कळणार म्हणा. तेवढाच एक चौकशी करतो माझी."

मृत्युपत्र कसं करायचं, त्यात काय लिहायचं, असं तिनं पुढं विचारायला सुरुवात केली तेव्हा मी बोटानं काचेवरची पाटी दाखवली. 'येथील कर्मचारी कायदेशीर सल्ला देऊ शकत नाहीत.' ही पाटी मी दिवसातून वीसदा दाखवायचे. सवयीनं बोट आपोआप तिकडं जायचं.

"वकिलाकडे जा," मी म्हटलं.

"बरं," ती म्हणाली, आणि पाटी पूर्ण वाचून गेली.

पुढची तीन वर्षं ती अधूनमधून येत राहिली. कधी एखादा फॉर्म मागायला, कधी फॉर्ममधला शब्द विचारायला. खिडकीशी रांग नसली की दोन शब्द जास्त बोलायची. त्यातूनच तिचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यानं कळलं.

आमच्या गावात पूर्वी कपबश्यांचे कारखाने होते. इर्मानं त्यातल्या एकात अडतीस वर्षं काढली. ताटलीच्या काठावर सोन्याची बारीक रेघ असते ना, ती हातानं ओढायचं काम. ताटली चाकावर ठेवायची, एका हातानं चाक फिरवायचं, दुसऱ्या हातात कुंचला. "श्वास सोडताना रेघ ओढायची," ती म्हणाली. "घेताना ओढली की थरथरते." त्या खोलीत अकरा बायका होत्या. जेवणाच्या सुट्टीत एकीच्या डब्यातली कोबी-नूडल दुसरीच्या ताटात जायची, नवऱ्यांच्या तक्रारी व्हायच्या, आणि इर्माला नवरा नाही म्हणून तिला सगळ्यांच्या नवऱ्यांचा निवाडा करायला बसवायच्या. कारखाना बंद पडला तेव्हा कोणी मुलाकडे फ्लोरिडाला गेली, कोणी म्हाताऱ्यांच्या आश्रमात, बहुतेक जणी कबरस्तानात. शेवटची ॲग्नेस. इर्मा तिला दर रविवारी आश्रमात भेटायला जायची. शेवटच्या वर्षी ॲग्नेस तिला नर्स समजायची आणि उशी बदलायला सांगायची. इर्मा उशी बदलून घरी यायची.

लग्नाचं एकदा जुळत आलं होतं. भट्टीवर काम करणारा माणूस होता. पण इर्माची आई अर्धांगवायूनं अंथरुणावर होती, आणि त्याला इर्मा हवी होती, आई नको होती. आई त्यानंतर चौदा वर्षं जगली. ती गेली, मग त्यांचं स्लोव्हाक लोकांचं चर्च माणसं कमी झाली म्हणून बंद केलं. रविवारी जायलाही जागा राहिली नाही.

ती वकिलाकडे गेली होती. आमच्या चौकातलेच ओग्डन. त्यांनी नीट ऐकून घेतलं, आणि मग एकेक विचारायला लागले. मागं राहून सगळं निस्तरणार कोण? त्याला कायद्यात एक्झिक्युटर म्हणतात, त्याचं नाव लागतं. तो नाही म्हणाला तर त्याच्या जागी कोण? तुम्ही बेशुद्ध पडलात तर डॉक्टरांनी कोणाला विचारायचं? देणार कोणाला?

"त्यांची पेन्सिल कागदावर तयार होती हो," इर्मानं मला सांगितलं. "प्रत्येक प्रश्नाला मी 'कोणी नाही' म्हणायचे आणि ते बारीकशी रेघ मारायचे. चार रेघा झाल्यावर म्हणाले, मिस हुडाक, घाई नाही, नावं शोधून या, मग बसू. मी म्हटलं, तुम्हीच व्हा की एक्झिक्युटर. तर म्हणाले, मी यंदा ऑफिस बंद करून मुलीकडे चाललोय. बँकेत विचारलं. तिथली पोरगी म्हणाली, आम्ही मोठ्या इस्टेटी बघतो. फार गोड पोरगी. नाही म्हणताना माझा हात धरला तिनं."

"मग?"

"मग काय. दोन दिवस त्या हाताचाच विचार करत होते."

त्या वर्षी नाताळच्या आधी तिनं आम्हाला अक्रोडाचा रोल करून आणला, त्यांच्या सणाचा असतो तो. आमची मुख्य क्लार्क डार्लीन नियमाला कडक, पण तिनंही तो घेतला. फडताळावर ठेवून तीन दिवस आम्ही सगळ्यांनी तो कॉफीबरोबर खाल्ला. ताटली परत न्यायला इर्मा आली तेव्हा डार्लीन तिला म्हणाली, "तुम्ही असंच लाड करत राहिलात तर आम्हाला नवे कपडे शिवावे लागतील." इर्मा त्या दिवशी हसली. मी तिला हसताना एवढं एकदाच पाहिलं.

घर देणार कोणाला, हे मात्र तिनं मनात ठरवलेलं होतं. एका सप्टेंबरात ती आली आणि खिडकीशी वाकून हळूच म्हणाली, "मृत्युपत्रात 'चौदा नंबरच्या शाळेच्या बसची ड्रायव्हर' असं लिहिलं तर चालतं का? नाव माहीत नाही."

मी पाटीकडे बघितलं. तिनंही बघितलं. "बरं, सल्ला नको," ती म्हणाली. "नुसतं ऐका."

तिचं घर टेकडीवर, वळणाला लागून. स्वयंपाकघराची खिडकी रस्त्यावर. रोज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शाळेची बस त्या वळणावर हळू व्हायची, आणि चालवणारी बाई इर्माकडे बघून हात वर करायची. नऊ वर्षं. शाळेला सुट्टी लागली की उन्हाळाभर इर्माला सकाळ झाल्यासारखीच वाटायची नाही. "तिला रविवारीही हात करावासा वाटत असेल का, असा विचार करते मी," ती म्हणाली. "वेडेपणा आहे. पण दुसरं कोण आहे? दिवसातून एकदा माझ्याकडे बघून काही करणारं दुसरं कोणी नाही."

नाव हवं तर विचारायला हवं. म्हणून ती ऑक्टोबरात एके दिवशी सकाळी स्वेटर घालून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. बस आली. तिनं हात दाखवला. दार उघडलं.

तिनं काय केलं ते तिनं मला त्याच दिवशी येऊन सांगितलं. सगळं एकदम बोलून टाकलं म्हणे. मी त्या खिडकीतली, तुमचं नाव सांगा, मला माझं घर तुमच्या नावावर करायचंय. बसमध्ये मुलं होती, मागं गाड्या थांबलेल्या. ड्रायव्हरबाई आधी हसली, मग तिचा चेहरा बदलला.

"मॅडम, मी तुम्हाला ओळखत नाही," ती म्हणाली.

"मी पण तुम्हाला ओळखत नाही," इर्मा म्हणाली. "पण रोज भेटतो की आपण."

"माझ्याकडून काय हवंय तुम्हाला?"

"काही नको."

"काही नको म्हणणारं माणूस घर देत नाही. मॅडम, बाजूला व्हा, मुलांना उशीर होतोय." दार लागलं. पण लागायच्या आधी तिनं नाव मात्र सांगितलं होतं, रोशेल प्रुइट.

हे सांगताना इर्मा काचेतून माझ्याकडे बघत नव्हती. काउंटरवरच्या पेनाच्या साखळीकडे बघत होती. "बरोबरच आहे तिचं," ती म्हणाली. "माझ्या दारात कोणी असं येऊन उभं राहिलं असतं तर मीही कडी लावली असती."

"उद्या करेल हात. आज गोंधळली असेल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बस वळणावर हळू झाली, पण हात वर झाला नाही. आणखी दहाएक दिवसांनी बसवर दुसराच माणूस दिसला. त्याची नजर रस्त्यावरून हलत नव्हती. इर्मा त्यानंतरही सातला उठून कॉफी करायची. खिडकीचा पडदा मात्र तिनं ओढून घेतला, असं तिनंच मला सांगितलं, कुणाला दोष न देता.

एवढं झाल्यावर कोणीही सोडून दिलं असतं. तिनं सोडलं नाही. पुढच्या फेब्रुवारीत तिनं घरी बसून स्वतःच्या हातानं मृत्युपत्र लिहिलं. ओहायोत दोन साक्षीदार लागतात, त्यांच्यासमोर सही करावी लागते, एवढं तिनं ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचलं होतं. पहिला साक्षीदार मिळाला तो टपालवाला, वेंडेल टिब्स. बडबड्या माणूस, सगळ्या टेकडीची खबरबात त्याच्या तोंडी.

तो प्रसंग नंतर वेंडेलनंच मला सांगितला. तो पायऱ्यांवर आला तेव्हा ती कागद आणि पेन घेऊन दारात थांबली होती.

"मिस इर्मा, हे काय, माझ्यावर खटला घालताय की काय?" तो म्हणाला. "तो नोव्हेंबरातला ओला झालेला कॅटलॉग माझ्यामुळं नव्हता हां."

"मी सही करते, ती बघा आणि खाली तुमची करा. वाचायचं नाही."

"नाही वाचत. फक्त एवढं सांगा, मला काही ठेवलंय का?"

"नाही."

"मग वाचण्यात अर्थच नाही," म्हणून त्यानं सही केली. मग दुसरी ओळ रिकामी दिसली तेव्हा त्यानं विचारलं, "ही कोणाची?"

"बघते," ती म्हणाली.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी ती माझ्या खिडकीशी आली. रांग नव्हती. डार्लीन मागं फायली लावत होती. इर्मानं घडी केलेला कागद काउंटरवर ठेवला, नुसता खालचा भाग दिसेल असा, आणि म्हणाली, "नीला, एक सही हवी होती. तुझी."

त्या दिवसापर्यंत ती मला नावानं हाक मारत नव्हती. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर नाव होतं, तीन वर्षं तिच्या नजरेसमोर होतं.

मी म्हटलं, "इर्मा, आम्हाला परवानगी नाही. कोर्टाच्या माणसांनी साक्षीदार व्हायचं नाही. नियम आहे."

"तू कोर्टाची म्हणून नको. संध्याकाळी पाच वाजता बाहेर पडतेस ना? पायऱ्यांवर. दोन मिनिटं. वेंडेललाही पुन्हा बोलावते, त्याच्यासमोर पुन्हा सगळं करू."

मागं फाईल ठेवल्याचा आवाज थांबला होता. डार्लीन ऐकत होती हे मला न बघता कळत होतं. मला निवृत्तीला सहा वर्षं होती. मी म्हटलं, "नियम बाहेरही लागू आहे."

तो होता की नाही ते मला तेव्हाही नक्की माहीत नव्हतं. नंतर मी विचारलं. डार्लीन म्हणाली, "बाहेरचं बाहेर. केली असतीस तर कोणी काही म्हटलं नसतं. पण न केलेलंच बरं." मी तेव्हा त्या 'बरं'ला धरून बसले.

इर्मानं कागदाची घडी पुन्हा घातली, पर्समध्ये ठेवला. "बरोबर आहे," ती म्हणाली. "तुझी नोकरी आहे." आणि जाता जाता वळून म्हणाली, "या गावात सही करता येणारं माणूस शोधणं एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. आठ हजार लोकांचं गाव आहे."

त्यानंतर दोन आठवड्यांनी ती बंद पाकीट घेऊन आली. पाकिटाच्या मागच्या बाजूला चिकटपट्टी, त्यावर तिची सही आडवी. पाकिटावर नोंद करायची असते, मी विचारलं, "मेल्यावर हे कोणाच्या हातात द्यायचं?"

"कोणाच्याच नको. तुम्हीच उघडा."

मी तसं लिहिलं. शिक्का मारला, पावती दिली. दुसरा साक्षीदार कोण मिळाला, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो कायद्याचा सल्ला झाला नसता, नुसती चौकशी झाली असती. पण मला वाटलं, मिळाला असेल कोणीतरी. माझी सुटका झाली. पाकीट घेऊन तिजोरीच्या खोलीत जाताना मला हलकं वाटलं होतं, हे मी आता कबूल करते.

यानंतर ती फारशी आली नाही. एकदा दुकानात भेटली, ट्रॉलीत बटाटे आणि दूध. "अजून आहे मी," ती म्हणाली. मी हसले आणि माझी रांग पुढं सरकली.

पावणेदोन वर्षांनी नोव्हेंबरात ती गेली. वेंडेल चार दिवस रजेवर होता, बदलीचा माणूस पेटीत पत्रं कोंबत गेला. वेंडेल कामावर आला तेव्हा पेटीचं झाकण लागत नव्हतं. त्यानं दार ठोठावलं, मग पोलिसांना बोलावलं. ती स्वयंपाकघरात जमिनीवर होती. डॉक्टर म्हणाले, पडल्यावर लगेच गेली नसावी. हे वेंडेलला सांगायला नको होतं, पण तो दारातच उभा होता.

नात्याचं कोणी नाही, कोणी मागायला आलं नाही. तीन आठवडे वाट बघून गावच्या पंचायतीनं तिचं दहन केलं आणि राख एका डब्यात घालून कचेरीत ठेवली. आमच्याकडे मृत्यूची नोंद त्यानंतर आली. मग मी तिजोरीतून तिचं पाकीट काढलं, आणि डार्लीनच्या समोर जजसाहेबांनी ते उघडलं.

पहिलीच ओळ होती, 'मला जाळू नये. आईशेजारी माझी जागा घेऊन ठेवलेली आहे, दगडही बसवलेला आहे.'

 जजसाहेबांनी पुढं वाचलं. अक्षर छापल्यासारखं, एकाही ठिकाणी खाडाखोड नाही. घर आणि घरातलं सगळं रोशेल प्रुइट, चौदा नंबरच्या बसची पूर्वीची ड्रायव्हर, हिला. 'तिनं नको म्हटलं आहे हे मला माहीत आहे. तिला नकोच असेल तर तिनं विकावं, पण तिनं विकावं, दुसऱ्या कोणी नाही. ती नऊ वर्षं रोज सकाळी माझ्याशी चांगली वागली. मी तिला घाबरवलं त्याबद्दल माफी मागते.' निस्तरण्यासाठी कोर्टानं योग्य वाटेल तो माणूस नेमावा.

खाली तिची सही. पहिला साक्षीदार, वेंडेल टिब्स. दुसऱ्या साक्षीदाराच्या ओळीवर त्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'दुसरं माणूस मिळालं नाही.' आणि तारीख. ती तारीख मी तिला नाही म्हटलं त्याच दिवसाची होती.

डार्लीन माझ्याकडे बघत होती. 

सुनावणी झाली. वेंडेल टपालखात्याच्या गणवेशात आला, आणि शपथेवर सांगितलं की सही तिनं माझ्यासमोर केली, ती पूर्ण शुद्धीत होती, माझी चेष्टाही केली. जजसाहेबांनी विचारलं, त्या वेळी तिथं आणखी कोणी होतं? तो म्हणाला, "नाही साहेब. असतं तर मीच सांगितलं असतं, ये रे बाबा, सही कर." कोर्टात कोणी हसलं नाही. जजसाहेब म्हणाले, तिची इच्छा काय होती यात मला तिळभर शंका नाही, पण कायदा मला दोन माणसं मागतो आणि मी एकाची दोन करू शकत नाही. मृत्युपत्र बाद झालं. मी तो आदेश टाईप केला. माझंच काम होतं ते.

रोशेलला कोर्टाची नोटीस गेली होती. सुनावणीला ती आली नाही, पण निकालानंतर आठवड्यानं आली, डबल शिफ्ट संपवून, बसची चावी अजून कमरेला. पन्नाशीची, जाडसर, दमलेली. तिनं नोटीस काउंटरवर ठेवली.

"हे खरंय? ती बाई मला घर देत होती?"

"हो."

"मग आता मिळणार नाही, हेही खरंय?"

"हो."

तिनं नोटीस उलटी करून बघितली. मग म्हणाली, "मी दोन पोरींना घेऊन भाड्याच्या ट्रेलर-घरात राहते. छत गळतं. तुम्हाला वाटेल घर गेलं म्हणून आले भांडायला."

"नाही वाटत."

"मला भीती वाटली त्या दिवशी. आमच्यासारख्यांना फुकट घर द्यायला आलेलं माणूस म्हणजे काहीतरी भानगड, एवढंच आम्हाला आयुष्यानं शिकवलंय. मी सुपरवायझरला सांगितलं. त्यानं रूट बदलून दिला. ती बाई पुढं काही बोलली का माझ्याबद्दल?"

"तुमचं बरोबर होतं म्हणाली."

रोशेलनं नोटीस उचलली, पुन्हा ठेवली. "मी सगळ्यांनाच हात करते," ती म्हणाली. "कुत्र्यांनासुद्धा. सवय आहे. तिच्यासाठी वेगळा असा नव्हता. हे तिला कळलं नाही ते बरं झालं, की मी तिला नीट सांगायला हवं होतं?"

 मग ती नोटीस घेऊन गेली.

कोर्टानं नेमलेल्या वकिलानं नातेवाईक शोधले. जाहिराती दिल्या, स्लोव्हाकियात पत्रं पाठवली. इर्मानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ते खरं ठरायला चौदा महिने लागले. घर सरकारजमा झालं, मग लिलावात गेलं. ज्यानं घेतलं त्यानं ते पाडलं नाही, राहायलाही आला नाही. घर तसंच बंद आहे.

त्याच्या आधीच, वसंतात, त्या वकिलाकडून परवानगी काढून मी आणि वेंडेल पंचायतीच्या कचेरीत गेलो. डबा फडताळावर होता, छपाईच्या कागदांच्या गठ्ठ्यांशेजारी. आम्ही तो टेकडीमागच्या स्लोव्हाक कबरस्तानात नेला. खड्डा खणणाऱ्या माणसानं हातभर खड्डा करून ठेवला होता. पाद्री कोणी नव्हता. वेंडेलला प्रार्थना म्हणावीशी वाटत होती, पण त्याचं चर्च वेगळं, तिचं वेगळं, आणि मला यातलं काहीच येत नव्हतं. शेवटी तो टोपी काढून म्हणाला, "मिस इर्मा, उशीर झाला." आम्ही माती लोटली. तिला जाळलं होतं, आणि आईशेजारी पुरलंही होतं. तिच्या सांगण्यातलं अर्धंच झालं, तेही नको होतं तसं.

दगडावर तिचं नाव आणि जन्माचं साल तिनं आधीच कोरून घेतलेलं. पुढं एक आडवी खूण आणि मोकळी जागा. मी निवृत्त झाल्यावर तिथं मृत्यूचं साल कोरायचा अर्ज कबरस्तानाच्या कचेरीत दिला. वकिलाचं काम तोवर संपलं होतं. अर्जात एक रकाना होता, 'मयताशी नातं'. मी 'ओळख' असं लिहिलं. महिन्यानं अर्ज परत आला. फक्त रक्ताच्या किंवा लग्नाच्या नात्यातल्या व्यक्तीलाच दगडावर काही कोरून घेता येतं, असं सोबतच्या चिठ्ठीत होतं. खाली लिहिणाऱ्या बाईनं आपलं नाव आणि फोन नंबर दिला होता, काही शंका असल्यास विचारावं म्हणून. मी फोन केला. बाई चांगली होती. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, नियमाबाहेर तिला जाता येत नाही.